वर्ग आवरायचा कसा : दंग्यानंतर नव्हे, दंग्याआधी

रेघोटी

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली की आमच्या स्टाफरूममध्ये एकच रड सुरू होते : सातवी ब आवरत नाही. उपायही ठरलेले. मॉनिटरने बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, दोघाचौघांना दाराबाहेर उभं करायचं, डायरीत शेरा, आणि फारच झालं तर पीटीच्या सरांची वर्गातून एक फेरी. फेरी झाली की थोडा वेळ चिडीचूप, मग पुन्हा तेच.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका अनुदानित मराठी शाळेत शिकवते. दुपारचं सत्र, वर्गाचा पट 58. बी.एड.च्या पुस्तकात वर्गव्यवस्थापनाचं प्रकरण होतं, पण त्यात शिस्तीच्या व्याख्या आणि शिस्तीचे प्रकार. म्हणून प्रत्यक्ष वर्गात बसून, मोजून कोणी काय तपासलंय ते मिळेल तसं वाचत गेले. वाचून एक गोष्ट पक्की पटली : पोरांनी दंगा केल्यावर शिक्षक काय करतो याला आपण फार किंमत देतो. खरा फरक पडतो तो त्याआधीच्या पाच-दहा मिनिटांत.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं जेकब कौनिन यांनी. ते डेट्रॉइटला विद्यापीठात शिकवायचे. एकदा मागच्या बाकावर एक विद्यार्थी पेपर उघडून वाचत बसला होता, त्याला ते बोलले. त्याने पेपर ठेवला यात नवल नाही, पण ज्यांना कोणी काही बोललं नव्हतं तेही एकदम सावरून बसले. एकाला बोललं की बाकीच्यांवर काय परिणाम होतो, या कुतूहलातून त्यांचं पुढचं सगळं काम झालं. शाळांच्या वर्गांचं चित्रण करून ते पुन्हा पुन्हा तपासलं. 1970 मध्ये त्यावर पुस्तक आलं. शोधायचं होतं ते हे, की ज्यांचे वर्ग छान चालतात ते शिक्षक रागावतात कसे. हाती आलं भलतंच. छान चालणाऱ्या आणि विस्कटलेल्या वर्गांच्या शिक्षकांच्या रागावण्यात सांगण्यासारखा फरकच सापडला नाही! फरक होता तो आधीच्या गोष्टींत. बाईंच्या पाठीलाही डोळे आहेत हे मुलांना माहीत असणं. एकाची वही बघता बघता दुसऱ्या कोपऱ्यातली खुसपूस नजरेने थांबवणं. एक काम संपून दुसरं सुरू होताना मध्ये रिकामी जागा न पडू देणं. आणि ज्याने सुरुवात केली त्यालाच हटकणं, तेही लगेच. दंगा चार बाकांवर पसरल्यावर भलत्यालाच उठवलं तर बाईंना काही दिसत नाही हे सगळ्या वर्गाला कळतं.

दुसरा प्रयोग 1968 चा, मॅडसन, बेकर वगैरे मंडळींचा. पहिलीचा वर्ग. मुलं सारखी जागेवरून उठायची, शिक्षिका "खाली बसा" म्हणायच्या. संशोधकांनी त्यांना हे जास्त वेळा म्हणायला सांगितलं. उभं राहणाऱ्या मुलांची संख्या वाढली. गंमत अशी की म्हटल्याबरोबर मुलं बसायची, त्यामुळे उपाय लागू पडतोय असंच वाटायचं. फक्त थोड्या वेळाने आणखी जास्त मुलं उठायची. उठणं कमी झालं ते बसून काम करणाऱ्यांचं कौतुक सुरू केल्यावर. त्याच वर्षीच्या त्यांच्या आणखी एका अभ्यासात नुसते नियम सांगून जवळजवळ काहीच फरक पडला नव्हता. भिंतीवर "वर्गात शांतता राखा" रंगवून घेणाऱ्या शाळांनी याची नोंद घ्यावी.

तिसरी गोष्ट अगदी साधी. तास सुरू होताना दारात उभं राहायचं, येणाऱ्या प्रत्येकाला नावाने हाक मारायची, आत काय काम आहे ते सांगायचं. 2018 मध्ये कुक आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले 10 वर्ग चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटले आणि हे एकाच गटात करून तपासलं. ज्या वर्गांत हे केलं तिथे मुलांचं कामात असणं सुमारे 20 टक्क्यांच्या अंकांनी वाढलं आणि व्यत्यय सुमारे 9 अंकांनी घटले. वर्ग फक्त 10, तेव्हा आकडा दगडावर कोरू नका. पण खर्च शून्य आहे. आमच्याकडे दोन सत्रं, सकाळची शाळा सुटते आणि आमची भरते ती एकाच जिन्यावर, त्यामुळे मुलं वर्गात शिरतात तीच धक्काबुक्की करत. तिथे दारात उभं राहण्याचा उपयोग होतो हे मी स्वतः बघतेय. परिपाठ वर्गातच स्पीकरवर होतो, तो सुरू व्हायच्या आत दप्तर खाली आणि वही वर, एवढंच ठरवून दिलंय.

आता तुमचं लिहा. प्राथमिकवाल्यांनी जास्त.

गिरणगावकर

लेख चांगला आहे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, लालबाग-परळ भागात शिकवलं. आमच्या वेळी ही संशोधनं नव्हती, हातात पट्टी होती आणि एका वर्गात सत्तर पोरं होती. ती पोरं आज भेटली की वाकून नमस्कार करतात. "सर, तुम्ही मारलंत म्हणून शिकलो" असं सांगतात. गिरण्यांच्या संपात ज्यांच्या घरी चूल पेटत नव्हती त्यांनाही शिस्तीनेच तारलं. आजच्या शिक्षकाचे हात कायद्याने बांधून ठेवलेत आणि वर म्हणायचं वर्ग आवरा.

कवडसा

गिरणगावकर सर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण जे येऊन नमस्कार करतात ते भेटतात. ज्यांनी पट्टीमुळे शाळा सोडली ते रस्ता ओलांडून पलीकडे जातात, त्यांची मोजदाद तुमच्याकडे कशी असणार?

मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. मारण्याबद्दलचा सगळ्यात मोठा एकत्रित अभ्यास 2016 चा, गर्शॉफ आणि ग्रोगन-केलर यांचा. 75 अभ्यास, मिळून सुमारे 1,60,000 मुलं. तो घरी आईवडिलांनी चापट मारण्याबद्दल आहे, शाळेबद्दल नाही, हे आधीच सांगते. त्यात चापटीशी जोडलेलं दिसलं ते वाढलेलं आक्रमक वागणं, मनाच्या तक्रारी, आईवडिलांशी बिघडलेलं नातं. आता यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला यावर वाद घालता येतो, पण मार खाऊन मुलं सुधारल्याचं काही त्यात सापडत नाही.

आणि कायद्याचं म्हणाल तर शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17 : शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी. मानसिक छळ हा भाग स्टाफरूममध्ये कोणी वाचलेला नसतो.

डोंबिवलीची_आई

मानसिक छळात "तुझ्या बापाने फी भरून कचरा पाठवलाय" हे बसतं का? लेकाला हे ऐकवलं गेलंय. शाळेचं नाव लिहीत नाही.

कवडसा

बसतं. लेखी तक्रार आधी मुख्याध्यापकांकडे द्या, पोच घ्या.

शून्यप्रहर

वाचतोय. पण मला तीन शंका आहेत आणि त्या खवचटपणे नाही, खरंच आहेत.

एक, वर्गांवरचे हे अभ्यास सगळे अमेरिकेतले. आपल्याकडे कायदा म्हणतो पाचवीपर्यंत 30 मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवी 35. रेघोटींचा पट 58. दारात उभं राहून 58 जणांना नावाने हाक मारायची तर परिपाठ संपेल.

दोन, कौतुकाचं जे सगळीकडे सांगतात की एका बोलण्यामागे पाच शाबासक्या, हा आकडा मुळात वर्गातून आलेलाच नाही. गॉटमन यांनी नवराबायकोंच्या भांडणांचा अभ्यास केला, त्यातला आहे. तो प्रशिक्षणाच्या स्लाइडवर कसा पोचला देव जाणे.

तीन, असले कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर नेले की हवा जाते. "चांगल्या वर्तणुकीचा खेळ" म्हणून एक प्रसिद्ध पद्धत आहे. इंग्लंडमध्ये 77 प्राथमिक शाळांत तिची चाचणी झाली, 2018 मध्ये अहवाल आला. मुलांच्या वाचनावर किंवा वागण्यावर एकूणात परिणाम दिसला नाही.

रेघोटी

शून्यप्रहर, असाच प्रतिसाद हवा होता.

दुसरा मुद्दा पूर्ण मान्य. त्यावर नंतर थेट वर्गात तपासलं गेलंय : 2020 मध्ये काल्डरेला आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तीन राज्यांतल्या 19 प्राथमिक शाळांत, अडीच हजारांवर मुलांचं निरीक्षण केलं. पाचास एक किंवा तिनास एक असा कुठलाही जादूचा उंबरठा सापडला नाही. बोलण्यांच्या तुलनेत कौतुक जितकं वाढलं तितकं मुलांचं लक्ष वाढत गेलं, बस. म्हणजे ज्या बाई दिवसाला एकदाही "छान" म्हणत नाहीत त्यांनी दोनदा म्हटलं तरी चालेल, मोजपट्टी नको.

तिसऱ्याबद्दल थोडं विस्ताराने, कारण हा खेळ मला आवडतो आणि त्याची गोष्ट लोकांना अर्धीच माहीत असते.

1969 साली बॅरिश, सॉन्डर्स आणि वुल्फ यांनी चौथीच्या एका वर्गात तो आणला. 24 मुलं, त्यातली काही सारखी जागा सोडणारी आणि मध्येच बोलणारी. वर्गाचे दोन संघ केले. गणिताच्या तासाला कोणी विनाकारण उठलं किंवा बोललं की त्या संघापुढे फळ्यावर एक खूण. ज्याच्या खुणा कमी तो संघ जिंकला, पण ठरलेल्या मर्यादेच्या आत राहिले तर दोन्ही संघ जिंकू शकत होते. बक्षीस म्हणजे रांगेत आधी जेवायला जाणं, थोडा मोकळा वेळ, नावापुढे चांदणी. उठणं-बोलणं झपाट्याने कमी झालं. मग खेळ फक्त वाचनाच्या तासाला नेला, तर तिथे शांत आणि गणिताच्या तासाला पुन्हा गोंधळ. म्हणजे परिणाम खेळाचाच.

त्यातच दोन मुलांनी जाहीर केलं की आम्ही खेळणार नाही. त्यांच्यापायी संघाला भुर्दंड नको म्हणून शिक्षिकेने त्या दोघांचाच वेगळा संघ केला. मला तर ही युक्ती मूळ खेळाहून मोलाची वाटते, कारण संघाच्या खेळात नेहमी एकदोन पोरं इतरांच्या रोषाचे धनी होतात आणि मधल्या सुट्टीत त्यांना गाठून धुतलं जातं.

पुढे 1980 च्या दशकात बाल्टिमोरच्या शाळांत पहिलीच्या वर्गांमध्ये मोठी चाचणी झाली आणि ती मुलं विशीला पोचेपर्यंत त्यांच्याकडे लक्ष ठेवलं गेलं. जे मुलगे पहिलीत फार आक्रमक होते त्यांच्यात नशा आणि तत्सम प्रश्न कमी दिसले. मुलींमध्ये तसा ठळक फरक नव्हता. इंग्लंडमधल्या चाचणीत शिक्षकांनी खेळ अपेक्षेपेक्षा खूपच कमी वेळा खेळला होता, हेही त्याच अहवालात आहे. म्हणून "चालत नाही" म्हणण्यापेक्षा "शिक्षकांकडून रोज होत नाही" असं मी म्हणेन. अर्थात जे रोज होत नाही त्याचा उपयोग काय, हे तुमचं म्हणणं उरतंच.

शून्यप्रहर

उरतंच. विशेषतः ज्या शिक्षकाला बीएलओची, म्हणजे मतदारयादीच्या कामाची, ड्युटीही आहे त्याच्याकडून.

पाटीपेन्सिल

पटाबद्दल मी लिहितो. महापालिकेच्या शाळेत आहे, हार्बरच्या रुळांना लागून. चौथी. बाकावर तीन-तीन मुलं, चार रांगा. एका इमारतीत तीन माध्यमांच्या शाळा. शेजारच्या वर्गातले उर्दूचे पाढे आमच्या पोरांना पाठ आहेत, ही तक्रार नाही.

साठ मुलांच्या वर्गात दंगा का होतो? माझ्या मते कारण एकच, साठांपैकी एकोणसाठ जणांना काम नसतं. मी प्रश्न विचारतो, वीस हात वर, एकाला उठवतो, तो उत्तर देतो. तोवर बाकीचे काय करतायत? वाट बघतायत. लहान पोर वाट बघताना काय करतं हे विरार लोकलमध्ये कोणीही बघावं.

म्हणून पाटी. पाटी अजूनही दुकानात मिळते, नाहीतर जुन्या वहीचा पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर मार्कर. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी लिहायचं, "दाखवा" म्हटलं की साठ पाट्या वर. कोणाला येत नाही ते एका नजरेत कळतं. तुमच्या त्या अमेरिकनांनी हेही तपासलंय : गार्डनर, हेवर्ड आणि ग्रॉसी, 1994, पाचवीचा विज्ञानाचा वर्ग. हात वर करण्याऐवजी असल्या पाट्या दिल्यावर प्रत्येक मुलाने उत्तर देण्याचं प्रमाण 14 पट झालं. चाचणीतले गुणही वाढले. दंग्याचा स्वतंत्र विचार करायची गरजच पडत नाही, हात गुंतलेले असतात.

रुळांबद्दल. गाडी गेली की माझं वाक्य तुटतं. आधी मी आवाज चढवायचो, त्याने मुलंही चढवतात. आता गाडी आली की मी गप्प, आणि पोरांनी शेवटचा ऐकलेला मुद्दा पाटीवर लिहायचा. गाडी जाईस्तोवर लिहून होतं. इन्स्पेक्शनला आलेल्या मॅडमना कळेना की मी बोलायचं मध्येच का थांबवतोय.

कवडसा

पाटीपेन्सिल, तुमच्यासाठी एक खास अभ्यास आहे. न्यूयॉर्कमध्ये एका शाळेच्या एका बाजूने उन्नत मार्गावरून गाड्या जायच्या. आर्लीन ब्रॉन्झाफ्ट आणि मॅकार्थी यांनी 1975 मध्ये रुळांकडच्या वर्गातली मुलं आणि त्याच इमारतीत शांत बाजूला बसणारी मुलं यांचं वाचन ताडून बघितलं. सहावीपर्यंत रुळांकडची मुलं जवळजवळ एक वर्ष मागे होती. मग त्या निष्कर्षांच्या जोरावर रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छताला आवाज शोषणारं आवरण लावलं. 1981 मध्ये पुन्हा मोजलं तर दोन्ही बाजूंची मुलं सारखी.

मुंबईत मध्य, पश्चिम, हार्बर, आणि आता मेट्रोही. रुळांलगत किती वर्ग आहेत याचा विचार करा. "ही मुलं चंचल आहेत" असं ज्यांच्याबद्दल म्हणतो त्यांतली किती मुलं खिडकीमुळे चंचल आहेत?

पाटीपेन्सिल

हा लेख मला पाहिजे. प्रिंट काढून वॉर्डातल्या शिक्षण कार्यालयात देतो. रबर नाही तर निदान खिडक्यांना काचा.

डबेवाल्याचा_नातू

सगळंच परदेशी. आपल्याकडे कोणी काही केलंच नाही का?

गिरणगावकर

केलं की. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. बोर्डी-कोसबाडला वारल्यांची पोरं गुरं राखायची म्हणून शाळेत येत नव्हती, तर त्यांनी शाळा कुरणावर नेली. कुरणशाळा म्हणत. ताराबाई मूळ मुंबईच्याच. मी तरुणपणी कोसबाड बघून आलो आहे. पोरं पाने, गोट्या, शिंपले घेऊन मोजत बसलेली. कोणी कोणाला ओरडत नव्हतं. पण तिथे एका बाईंपुढे सत्तर पोरं नव्हती, हे मी तेव्हाही म्हणालो होतो.

डबेवाल्याचा_नातू

सर, म्हणजे पट्टी न घेता वर्ग चालतो हे तुम्ही स्वतःच बघितलंय :)

गिरणगावकर

हो बाबा.

डोंबिवलीची_आई

एक पालक म्हणून विचारते. लेकीच्या शाळेत स्टारचा तक्ता आहे. गृहपाठ केला स्टार, डबा संपवला स्टार, आणि शनिवारी सर्वात जास्त स्टारवाल्याला चॉकलेट. ती आता घरी विचारते, मी गोष्टीचं पुस्तक वाचलं तर काय देशील? आधी फुकट वाचायची!

कवडसा

याच्यावर 1973 चा लेपर, ग्रीन, निस्बेट यांचा प्रयोग आहे, बालवाडीतल्या मुलांवरचा. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यांतल्या काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल. त्यांना ते मिळालं. पुढे मोकळ्या वेळेत तीच मुलं त्या पेनांकडे इतरांच्या मानाने निम्माच वेळ वळली. ज्यांना अचानक, आधी न सांगता प्रमाणपत्र दिलं त्यांच्यात असं झालं नाही.

तेव्हा जे मूल आवडीने करतंय त्याला भाव लावू नये. जे अजिबातच होत नाहीये, उदाहरणार्थ जागेवर बसणं, तिथे सुरुवातीला चांदणी चालेल, आणि लवकर काढून घ्यायची. डबा संपवण्याला स्टार तर कृपा करून नको.

इथेच एक आणखी लिहिते, कारण माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी याच्याशी संबंधित असतात. मूल दंगा करतं त्यातून त्याला काय मिळतं ते आधी बघा. साधारण दोन गोष्टी मिळतात. एक, सगळ्यांचं लक्ष. दुसरी, नको असलेल्या कामातून सुटका. कार आणि डुरँड यांनी 1985 मध्ये दाखवलं की एकसारखं दिसणारं वागणं एका मुलात लक्षासाठी असतं, दुसऱ्यात कठीण काम टाळण्यासाठी, आणि उपाय त्या त्या कारणाला धरून केला तरच लागू पडतो. आता विचार करा, ज्याला अपूर्णांक येत नाहीत तो गणिताच्या तासाला शेजाऱ्याची पट्टी मोडतो. सर म्हणतात, "बाहेर हो." त्याला तेच हवं होतं! बाहेर वारा आहे, मैदान दिसतं, शिपाईकाका गप्पा मारतात. उद्या तो दोन पट्ट्या मोडेल. आणि ज्याला लक्ष हवंय त्याचं नाव मॉनिटर फळ्यावर लिहितो, तेही सुवाच्य अक्षरात. फळ्यावर नाव लिहिण्याची पद्धत माझ्या हातात असती तर मी उद्या बंद केली असती.

रेघोटी

कवडसा, मग ज्याला बोलायलाच लागणार आहे त्याला कसं बोलायचं? दर वेळी दुर्लक्ष करता येत नाही. कोणी कंपास टोचत असेल तर मी कौतुकाची वाट बघत बसणार नाही.

कवडसा

नाहीच बसायचं. टोचणं, मारणं, चिडवणं इथे दुर्लक्ष चालत नाही, लगेच थांबवायचं. पण हळू आवाजात. 1970 चा ओलिअरी आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे : शिक्षिका सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं बोलल्या तर दंगेखोर मुलांचं वागणं तसंच राहिलं. त्याच शिक्षिका त्या मुलाच्या बाकाजवळ जाऊन फक्त त्याला ऐकू येईल असं बोलल्या तर बहुतेक मुलांमध्ये ते कमी झालं. आपल्याकडे अडचण अशी की तिसऱ्या बाकापलीकडे जायला वाटच नसते.

पाटीपेन्सिल

वाट करावी लागते. दप्तरं बाकाखाली सरकवली की एक माणूस तिरका जातो. मी वर्गात शिरल्यावर पहिलं काम तेच करून घेतो. आणि टेबलाशी उभं राहून शिकवत नाही. खुर्चीवर तर बसतच नाही, खुर्चीवर जनगणनेचे गठ्ठे असतात.

शून्यप्रहर

बाकांवरून आठवलं. नवीन धोरणाच्या नावाखाली आमच्या मुलाच्या शाळेने सगळे बाक काढून गोल टेबलं आणली. मुलं समोरासमोर, गप्पांना ऊत. याबद्दल काही आहे का, की हेही फोटोपुरतं?

रेघोटी

आहे. 2008 मध्ये वन्नार्का आणि रूल यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. एकट्याने करायचं काम असेल तर रांगा बऱ्या, मुलं कामात जास्त राहतात, आणि जी मुलं जास्त व्यत्यय आणतात त्यांना याचा सर्वाधिक फायदा. चर्चा किंवा गटकाम असेल तेव्हा समोरासमोर. म्हणजे काम बघून बाक. आमच्याकडे बाक जमिनीला ठोकलेले आहेत, त्यामुळे गटकाम म्हणजे पुढच्या बाकाने मागे वळून बसणं.

नवशिकी

सगळं वाचलं, खूप उपयोगी. मी नुकतीच लागलेय, माध्यमिकला, मराठी शिकवते. बाकी राहू दे, एक सांगा. सोमवारी नववी क वर माझा बदली तास आहे, भूगोलाच्या बाई रजेवर. त्या वर्गावर मी कधी गेले नाहीये. शेवटून दुसरा तास. सिनियर म्हणाल्या, "बसवून ठेव, बाकी काही करू नकोस." पण बसवून कसं ठेवू?

रेघोटी

बसवून ठेवता येतच नाही, काम द्यावं लागतं. दहा मिनिटं आधी जाता आलं तर जा, नाहीच तर घंटा झाल्याबरोबर दारात. वर्गशिक्षकांकडून आधी बसण्याचा तक्ता घे, किंवा निदान चार-पाच मुलांची नावं. त्यात मॉनिटरचं नको, मागच्या बाकावरच्या पोरांचं. त्यांच्यातल्या एकाला नावाने हाक मारून काहीतरी साधं काम दे, फळा पुसायला सांग. दंग्यासाठी नव्हे, दंग्याच्या आधी.

काम फळ्यावर लिहिलेलं हवं, मुलं बसायच्या आत. तोंडी सांगितलंस तर पहिली पाच मिनिटं "काय म्हणाल्या?" यातच जातील. प्रश्न विचारलास तर उत्तरासाठी थांब. मेरी बड रो यांनी मोजलं होतं, शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांब आली, आणि जे एरवी बोलत नाहीत तेही बोलले. नवीन माणसाला तीन सेकंदांची शांतता भयंकर वाटते, पण मनात मोज.

कवडसा

आणि नववी आहे म्हणून : सगळ्यांसमोर शाबासकी बेताने. या वयात काहींना ती शिक्षेसारखी वाटते. वहीजवळ वाकून "हे नीट जमलंय" म्हटलंस तर पुरे. नेमकं काय जमलंय ते सांग, नुसतं "व्हेरी गुड" नको.

नवशिकी

भूगोल मला येत नाही हो. काय काम देऊ?

पाटीपेन्सिल

पुस्तक बंद. वहीच्या मागच्या पानावर महाराष्ट्राचे जिल्हे, आठवतील तेवढे, एकट्याने, पाच मिनिटं. मग शेजाऱ्याशी ताडून बघायचे, तीन मिनिटं. मग रांगेवार फळ्यावर, एका रांगेने एक सांगायचा, आधी आलेला पुन्हा चालणार नाही. एकूण 36. बहुतेक वर्ग चौतीस-पस्तीसवर अडकतात, पालघर राहतो, तो 2014 मध्ये झालाय, किंवा मुंबई शहर आणि उपनगर एकच धरतात. मुंबईचीच पोरं.

उरलेल्या वेळात नकाशा. कोरे नकाशे भूगोलाच्या बाईंच्या कपाटात असतात, किल्ली आज शिपाईकाकांकडून मागून ठेव. सोमवारी ते डाक घेऊन वॉर्ड ऑफिसला जातात.